‘मेड इन इंडिया’ म्हणजे काय, ते आधी टॅगवर लिहा

साठ लिटरच्या सॅकला दोऱ्याने लटकवलेला पुठ्ठ्याचा टॅग उलटा केला की बारीक अक्षरांत सात-आठ ओळी दिसतात. वस्तूचं नाव. ‘१ एन’, म्हणजे एक नग. महिना आणि वर्ष. सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत. ग्राहक सेवेचा फोन. आणि मग ‘मार्केटेड बाय’ या शब्दांपुढे कुठल्याशा गोदामाचा पत्ता. पुढच्या बाजूला तिरंगी पट्टी असते, आपण भारतीय असल्याचा अभिमान सांगणारी एखादी ओळ असते. सॅक शिवली कुठे, कापड कुठून आलं, बक्कल कुणाचं, हे मात्र टॅग चारदा वाचूनही कळत नाही. गिऱ्हाईक तिरंगी पट्टीवर भरवसा ठेवून पैसे मोजतं.

स्वदेशी साहित्य घ्या, असं सांगणारे ट्रेकर्समध्ये पुष्कळ आहेत. २०२० साली गलवानमध्ये जे घडलं त्यानंतर त्यांचा आवाज आणखी वाढला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. सॅक, तंबू, पावसाळी जॅकेट, बूट या गोष्टी इथे बनाव्यात आणि इथल्यांनी त्या घ्याव्यात, याला भावनेपलीकडची रोखठोक कारणं आहेत. पण दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकासाठी ‘भारतात बनलेलं’ या शब्दांची व्याख्या आपल्याकडे नाही. ती होत नाही तोवर स्वदेशीच्या आग्रहातून बनवणाऱ्याच्या पदरात कमी पडतं आणि टॅग छापणाऱ्याच्या जास्त.

कायदा काय म्हणतो ते पाहू. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम २०११चे. त्यातल्या सहाव्या नियमानुसार पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव आणि पत्ता हवा; पॅक करणारा वेगळा असेल तर त्याचाही; माल बाहेरून आणलेला असेल तर आयातदाराचा. नुसतं कंपनीचं नाव छापलं आणि ‘उत्पादक’ की ‘पॅक करणारा’ हे सांगितलंच नाही, तर तीच कंपनी उत्पादक मानून जबाबदारी तिच्यावर टाकायची, असंही स्पष्टीकरण तिथे आहे. मूळ देशाची ओळ २०१७च्या दुरुस्तीने आली आणि १ जानेवारी २०१८पासून लागू झाली. ऑनलाइन विकणाऱ्यालाही बहुतेक तपशील वस्तूच्या पानावर दाखवावे लागतात, आणि २०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनी मूळ देशाचा मुद्दा पुन्हा बजावला.

कागदावर हे ठीक दिसतं. मात्र देशाच्या ओळीतच दोन फटी राहिल्या आहेत.

पहिली फट अशी की देशाचं नाव लिहिण्याची सक्ती फक्त आयात मालावर आहे. इथे बनलेल्या मालावर उत्पादकाचा पत्ता पुरतो. म्हणजे देशाची ओळ नसलेली वस्तू आपोआप ‘इथली’ वाटते. तंबूचं कापलेलं कापड, खांब, खुंट्या, जाळी असं सगळं एका कंटेनरमधून आलं आणि इथल्या गाळ्यात फक्त शिलाई मारून पिशवीत भरलं, तर तो तंबू आयात केलेला राहत नाही. त्यावर दुसऱ्या देशाचं नाव यायचं कारणच उरत नाही. दुसरी फट ‘किंवा’ या शब्दात आहे. नियमाला ‘मूळ, किंवा उत्पादनाचा, किंवा जुळणीचा’ देश चालतो. कापड तैवानचं, खांब कोरियाचे आणि शिलाई व्हिएतनामची असेल तर विकणाऱ्याने यांपैकी कोणता देश लिहायचा? त्याला सोयीचा असेल तो. यात खोटेपणा नाही, नियमानेच ही मोकळीक दिली आहे.

गंमत म्हणजे सरकार स्वतः गिऱ्हाईक असतं तेव्हा त्याला ही व्याख्या व्यवस्थित येते. २०१७च्या ‘मेक इन इंडिया’ सार्वजनिक खरेदी आदेशानुसार वस्तूत ५० टक्के किंवा त्याहून जास्त देशी हिस्सा असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० टक्क्यांत दुसऱ्या वर्गात, आणि त्याखाली असेल तर तो देशी पुरवठादार मानलाच जात नाही. दहा कोटींवरच्या खरेदीत या हिश्श्याचं प्रमाणपत्र लेखापरीक्षकाकडून आणावं लागतं. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर २०२०पासून प्रत्येक वस्तूचा मूळ देश भरावा लागतो. अग्निशमन दलासाठी तंबू घेणाऱ्या अधिकाऱ्याला जो आकडा विचारता येतो, तोच आकडा चार हजारांची सॅक घेणाऱ्या विद्यार्थ्याला का विचारता येऊ नये?

बाहेरच्या देशांनी हे कसं सोडवलं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ‘मेड इन यूएसए’ असं बिनशर्त छापायचं तर वस्तू ‘संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण’ तिथली हवी; २०२१ साली तिथल्या व्यापार आयोगाने त्याचा दंडासकट नियमच केला. बाहेरचं सामान वापरलं असेल तर तसं जोडून लिहायची सोय आहे, आणि बूट-सॅक बनवणारे कितीतरी लहान कारखानदार तसं लिहितात. स्वित्झर्लंडने २०१७पासून कारखानी मालासाठी उत्पादनखर्चाच्या किमान ६० टक्क्यांची अट घातली. ब्रिटनने १८८७च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव छापायला लावलं, तेव्हा रोख स्वस्त जर्मन मालाकडे होता. पुढे ‘मेड इन जर्मनी’ हीच खात्रीची खूण ठरली. म्हणून प्रामाणिक लेबलची भीती चांगल्या कारखानदाराने बाळगायचं कारण नाही.

देशाचं लेबल धड नसलं की लोक भलत्याच खुणा वाचायला लागतात. बारकोड ‘८९०’ने सुरू झाला की माल भारतीय, ६९०ने सुरू झाला की चिनी, असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. हे चूक आहे. ८९० म्हणजे ज्या कंपनीने तो क्रमांक घेतला ती जीएस१ या संस्थेच्या भारतीय शाखेची सदस्य आहे, एवढंच. सॅक कुठल्याही देशातून आणून त्यावर ८९० लावता येतो. आयएसआयचंही तेच. चामड्याच्या आणि इतर साहित्याच्या पादत्राणांवर १ ऑगस्ट २०२४पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला, त्यामुळे बुटावर आयएसआय दिसू लागला. पण परदेशी कारखान्यालाही हा परवाना मिळतो. ती खूण दर्जाबद्दल बोलते, गावाबद्दल नाही. तिच्याजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये (भारतीय मानक ब्युरोचं अ‍ॅप) टाकला तर कारखान्याचं नाव आणि पत्ता निघतो. बुटाच्या बाबतीत आज हाच सगळ्यात भरवशाचा धागा आहे, आणि तो फार कमी जण ओढून पाहतात.

आता वस्तूकडे. साठ लिटरची सॅक पूर्ण उसवली तर त्यातून अंदाजे ५८ इंच पन्ह्याचं दोन-अडीच मीटर कापड निघेल, थोडं अस्तर, २० आणि २५ मिलिमीटर रुंदीचा सात-आठ मीटर पट्टा, कमरेसाठी ३८ किंवा ५० मिलिमीटरचा वेगळा पट्टा, दहा-बारा बक्कलं, दोन-तीन मीटर चेन आणि तिचे रनर, खांद्याचा आणि पाठीचा फोम, पाठीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा प्लास्टिकची शीट, आणि बॉन्डेड नायलॉनचा दोरा. दोरा आणि पट्टा आपल्याकडे उत्तम बनतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर सुरतेत विणलं जातं. चेनवर वायकेके ही जपानी नाममुद्रा असली तरी त्या कंपनीचा कारखाना हरियाणात आहे, त्यामुळे ती चेन परदेशीच असेल असं नाही. गाडं अडतं ते जास्त ताकदीच्या नायलॉन ६,६ कापडाशी, अ‍ॅसिटल या कडक प्लास्टिकच्या चांगल्या बक्कलांशी आणि तंबूच्या ७००१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियम खांबांशी. हे बहुतेक बाहेरूनच येतं. इथले स्वस्त तंबू फायबरग्लासच्या खांबांवर उभे राहतात. तो खांब वाऱ्यात वाकून उभा चिरतो आणि त्याच्या कुसळांनी खांब ओवायच्या बाहीचं कापड फाटतं.

त्यामुळे शंभर टक्के देशी सॅक मागणं आज फसवणुकीला आमंत्रण आहे. अट अशक्य ठेवली की कागद खोटे होतात. ‘शिलाई भारतात, कापड आयात’ असं उघड लिहिणारा कारखानदार मला तिरंगी पट्टीवाल्यापेक्षा जास्त स्वदेशी वाटतो.

शिलाईवर मी इतका भर देतो, कारण सॅक बहुतेक वेळा शिलाईत मरते. खांद्याचा पट्टा पाठीच्या पॅनेलला जिथे मिळतो ती जागा पाहा. चालताना, उडी मारताना, एका हाताने उचलताना पंधरा किलोचा झटका तिथेच बसतो. एकेरी टीप असेल, शेवटी बारटॅक, म्हणजे एकाच जागी आडवी घट्ट शिलाई, नसेल तर ती पहिल्या दोन पावसाळ्यांत उसवते. टाके इंचाला सात ते नऊ असावेत. पाचच असतील तर शिवण उघडते, आणि बारा मारले तर सुईच्या छिद्रांनी कापडच तिकिटासारखं फाटतं. सॅक उलटी करून आतल्या कडा बघा. कापडाच्या मोकळ्या कडेवर पट्टी घालून शिवलेलं नसेल तर धागे सुटत सुटत शिवणीपर्यंत येतात. हे सगळे दोष कारागीर आणि देखरेख यांचे असतात. त्यात परदेशी तंत्रज्ञान लागत नाही आणि ते दूर करायला परवानाही लागत नाही. शिलाई धारावीतल्या गाळ्यात झाली असेल तर उसवलेली सॅक तिथपर्यंत परत जाऊ शकते, शिवणाऱ्याला दाखवता येते, आणि पुढच्या शंभर सॅकमध्ये बारटॅक येतो. समुद्रापलीकडच्या कारखान्यापर्यंत ही तक्रार ग्राहक सेवेच्या फोनवरून पोहोचत नाही. तिथून फार तर बदली सॅक येते, त्याच दोषासकट.

देशी माल घेण्याचं माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण आहे.

दुसरं कारण आपली हवा. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, त्याचा विचार थंड-कोरड्या देशांत आखलेल्या मालात नेहमी असतोच असं नाही. सॅकच्या आणि तंबूच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. त्याची स्वस्त, पॉलिएस्टर जातीची रसायनं दमट उष्णतेत पाण्याशी प्रक्रिया होऊन तुटतात. ओली सॅक तशीच माळ्यावर गेली की काही वर्षांत आतून चिकट होते, आंबूस वास मारते, मग पांढरे पापुद्रे सुटतात. पॉलिइथर जातीचा लेप हे जास्त सहन करतो. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग नाही, पण त्यावर नेहमीची शिवणटेप चिकटत नाही. बुटातही तेच. पॉलियुरेथेनचा मधला थर न वापरता कपाटात पडूनसुद्धा भुगा होतो, तर ईव्हीए या फोमच्या थराचा होत नाही, तो फक्त दबून पातळ होतो. पुण्या-मुंबईत बसलेल्या कारखानदाराला हे प्रयोगशाळेत शोधायची गरज नाही, ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीला आलेला माल उघडला की दिसतं. प्रश्न असा की तो ते कापड घेताना विचारतो का. ‘पाणी आत येणार नाही’ एवढंच विचारून स्वस्तातलं ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर उचललं, तर माल देशी असूनही दोन वर्षांत कचऱ्यात जाईल, आणि गिऱ्हाईक पुन्हा म्हणेल की आपल्याकडे धड काही बनत नाही. म्हणून लेबलवर लेपाची जात आणि पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं ते, हवी. तंबूच्या छताला १५०० मिलिमीटर साध्या पावसाला चालतं, आपल्याकडच्या जुलैला ३०००च्या खाली जाऊ नये, आणि जमिनीच्या कापडाला त्याहून जास्त हवं, कारण गुडघा टेकला की दाब पावसापेक्षा कितीतरी वाढतो.

तिसरं कारण दुरुस्तीचं. २५ मिलिमीटरचं बक्कल पुण्यात रविवार पेठेत हातोहात मिळतं. पण काही आयात सॅकवर पट्ट्याच्या रुंदीपासून बक्कलापर्यंत सगळं त्या कंपनीपुरतं बेतलेलं असतं. एक दात तुटला की अख्खा कमरपट्टा निकामी. बुटाचा सोल नुसता चिकटवलेला असेल तर भर पावसात तो तोंड उघडतो, आणि चांभाराकडून चारी बाजूंनी शिवून घ्यायला कडेला जाड रबर लागतं. ते नसेल तर टाका बसत नाही. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र देशी-विदेशी कुठलंच रबर टिकत नाही, जाहिरात काही म्हणो.

आता उलट बाजू, आणि इथे मी स्वदेशीवाल्यांच्या विरोधात ठाम उभा आहे. ज्या वस्तूवर जीव टांगलेला असतो, तिथे देश हा निकषच धरू नये. डायनॅमिक रोप (पडल्यावर ताणून झटका पचवणारा दोर), हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), हेल्मेट यांना चाचणीचा कागद हवा. युरोपच्या ईएन ८९२ या मानकात सिंगल रोपला ८० किलोचं वजन बांधून सुमारे १.७७ फॉल फॅक्टरचे (पडण्याची उंची भागिले दोराची लांबी) किमान पाच फॉल सोसावे लागतात आणि पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त असून चालत नाही. नेहमीच्या कॅरॅबिनरला ईएन १२२७५नुसार लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन, आडवा किंवा गेट उघडा असताना ७ किलोन्यूटन लागतात. या वस्तूंवर सीई या युरोपीय सुरक्षा नियमांच्या खुणेपुढे चार अंक असतात, उदाहरणार्थ ००८२, ०१२३, १०१९. उत्पादनावर नजर ठेवणाऱ्या अधिकृत संस्थेचा तो क्रमांक. नुसतं ‘सीई’ कोरलेलं आणि अंक नसलेलं कॅरॅबिनर किल्ल्या अडकवायला ठेवा. बांधकामावरचा सुरक्षा पट्टा भारतीय मानक ३५२१चा असतो. तो त्या कामाला चोख आहे, पण त्याची पाठीमागची कडी प्रस्तरारोहणाच्या पडण्यासाठी बनलेली नाही. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिप्रॉपिलीनचा दोर तर सुमारे १६५ अंशांनाच वितळतो; रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून उतरताना, वेग आवरणाऱ्या डिसेंडरमध्ये तापला की संपलं.

खंत अशी की हे इथे बनू शकत नाही असं नाही. वाई आणि पुण्यात कारखाने असलेल्या गरवारे टेक्निकल फायबर्सची जाळी जगभरच्या मत्स्यशेतीत वापरली जातात, दोरखंडही जातात. कृत्रिम धाग्याचं ज्ञान सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, आणि तिथून फार लांब नसलेल्या लिंगाणा सुळक्यावर चढणाऱ्याच्या कमरेला बहुतेकदा युरोपातला रोप असतो. कारण बाजार लहान आहे, चाचणीचा मनोरा आणि प्रमाणपत्राचा खर्च मोठा आहे. ही दरी गिऱ्हाइकाच्या देशभक्तीने भरत नाही. सरकारी प्रयोगशाळेत फॉलची चाचणी परवडणाऱ्या दरात उपलब्ध झाली तर एखादा कारखानदार पुढे येईल. परदेशी कापडाची पुण्यातली १९०५ची होळी सगळ्यांना पाठ आहे. त्याच काळात पैसा-पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, त्यात कारागीर शिकून तयार झाले, ते कमी जणांना आठवतं.

लष्कराच्या बाबतीत हा मार्ग सरकारने धरला आहे. सियाचीनसारख्या ठिकाणच्या अतिथंड हवेच्या कपड्यांसाठी आपण वर्षानुवर्षं आयातीवर होतो. डीआरडीओने उणे ५० अंशांपर्यंत चालणाऱ्या तीन थरांच्या कपड्यांचं तंत्र विकसित करून डिसेंबर २०२१मध्ये पाच भारतीय कंपन्यांना दिलं. तिथे आधी मोजमाप ठरलं, मग चाचणी झाली, मग कारखान्याला तंत्र मिळालं. नागरी बाजारात याच्या उलट चालतं. स्लीपिंग बॅगवर ‘० अंश’ छापलेलं असतं, पण तो आराम वाटण्याचा अंश की जेमतेम जीव वाचण्याचा, हे लिहिलेलं नसतं. आयएसओ २३५३७ हे मानक हे अंश वेगवेगळे मोजतं, तापवलेल्या पुतळ्यावर. ही चाचणी न करता अंश छापणारा देशी उत्पादक आयातदाराइतकाच दोषी आहे, आणि हिमालयात पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याची किंमत रात्री दोन वाजता कळते.

मालकी कुणाची, हा प्रश्न मी मुद्दाम दुय्यम ठेवतो. डेकॅथलॉन फ्रेंच आहे, पण तिच्या दुकानांत भारतात बनलेल्या कितीतरी वस्तू आहेत, आणि वस्तूवर तो देश वाचता येतो. उलट मालक इथला, नाव संस्कृत, आणि माल पूर्ण तयार होऊन कंटेनरमधून आलेला, असंही असतं. नफा कुठे जातो हा प्रश्न खोटा नाही. तरी कौशल्य शिवणाऱ्याच्या हातात जमा होतं, भागधारकाच्या नाही. काठमांडूच्या ठमेलमध्ये नेपाळी शिंप्यांनी शिवलेली जॅकेटं अमेरिकी कंपनीचं चिन्ह लावून विकली जातात. आपले ट्रेकर हौसेने आणतात. त्यातली काही शिलाई खरोखर चांगली असते. तिच्यावर शिवणाऱ्याचं नाव नसल्याने तिथल्या कारागिराची पत वाढत नाही, आणि वाईट शिवणारा पकडलाही जात नाही.

तर मागणी काय करायची? टॅगवर तीन ओळी पुरतील. मुख्य कापड कोणत्या देशात बनलं. कापणी आणि शिलाई, बुटाच्या बाबतीत सोल बसवणं, कुठे झालं. आणि लॉट क्रमांक. भारतात बनलेलं असेल तरी या ओळी लिहायच्याच, म्हणजे पहिली फट बुजते. प्रत्येक क्रियेला वेगळी ओळ असल्याने ‘किंवा’ची मोकळीकही जाते. ‘भारतात बनलेलं’ असं बिनशर्त छापायचं तर सरकारी खरेदीतला ५० टक्क्यांचा आकडा आहेच, तो उचलावा. नवा शोध लावायची गरज नाही.

लहान कारखानदाराला हे झेपेल का, हा आक्षेप खरा आहे. पाच शिलाई मशीन असलेला माणूस कापड व्यापाऱ्याकडून घेतो, आणि व्यापारी मूळ देश सांगत नाही. पण कापड आयात झालं असेल तर आयातीच्या कागदात देश असतोच. ती माहिती व्यापाऱ्याच्या बिलावर आणायची सक्ती केली की ओझं योग्य खांद्यावर जातं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना २०२२मध्ये काही तपशील क्यूआर कोडमध्ये द्यायची मुभा दिली होती. तशी इथेही द्यावी, फक्त शिलाईचा देश टॅगवर डोळ्यांना दिसला पाहिजे. याउलट कच्च्या मालावर दर्जाच्या नावाखाली अडथळे घालणं शिवणाऱ्यालाच मारतं. काही पॉलिएस्टर धागे आणि त्यांच्या कच्च्या मालावरचे असे गुणवत्ता नियंत्रण आदेश नोव्हेंबर २०२५मध्ये मागे घेतले गेले, ते बरं झालं. करातही एक विसंगती आहे. सप्टेंबर २०२५पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना १८. तीन थरांचं, शिवणींना टेप लावलेलं पावसाळी जॅकेट २५००च्या आत बसत नाही. म्हणजे टेपचं मशीन घेऊन धड जॅकेट बनवणाऱ्यावर जास्त कर, आणि पहिल्या सरीत गळणाऱ्यावर कमी.

ऑनलाइन दुकानांत आयात माल मूळ देशानुसार शोधता यावा, असा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२५मध्ये काढला. चांगला आहे, पण गाळणीत येणारी माहितीच विकणाऱ्याच्या मर्जीची असेल तर ती गाळणी काय गाळणार? लेबलच्या पहिल्या गुन्ह्याला २००९च्या मूळ वैध मापन कायद्यात २५ हजारांपर्यंत दंड आहे. हजारो नग विकणाऱ्याला हा दंड जाहिरातीच्या खर्चात बसतो. दंड विकलेल्या नगांच्या हिशेबाने हवा.

तोवर ग्राहकाने तक्रार करावी, आणि ती नीट करावी. टॅगचे दोन्ही बाजूंचे फोटो, आतल्या शिवणीत बसवलेल्या कापडी लेबलचा फोटो (पुठ्ठा आणि कापड यांवर वेगवेगळे देश सापडण्याची शक्यता असते), ऑनलाइन घेतलं असेल तर खरेदीच्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि बिल. स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्यायचा, कारण पान नंतर बदलता येतं. आधी कंपनीला लेखी विचारा : उत्पादकाचं नाव आणि पत्ता काय, शिलाई कोणत्या देशात झाली. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि महाराष्ट्रात वैध मापन शास्त्र नियंत्रकांकडे अर्ज. अर्जात नियम ६चा उल्लेख करा, कोणती ओळ गायब आहे ते नेमकं लिहा. ‘फसवणूक झाली’ एवढ्यावर निरीक्षक काही करू शकत नाही. कंपनी बहुतेकदा पॅक करणाऱ्याचा पत्ता पाठवते. तो उत्पादकाचा पत्ता नव्हे, असं उलट टपाली कळवून तक्रार उघडी ठेवायला सांगा, नाहीतर ती ‘निकाली’ दाखवली जाते.